पटवाऱ्याच्या पेटीतलं काय ठेवायचं?

प्रश्न : आमचं गाव गुडीहत्नूर, जिल्हा आदिलाबाद, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं. आजोबा निजामाच्या काळापासून पटवारी, पुढे वडिलांनीही तेच काम पाहिलं. जुनं घर पाडून नवं बांधायला काढलंय, म्हणून माळ्यावरून दोन लोखंडी पेट्या आणि कापडात बांधलेले काही बस्ते खाली आलेत. काही कागद उर्दूत, काही मोडीत, बरेच मराठीत, अलीकडचे तेलुगूत. उर्दू-मोडी घरात कुणालाच वाचता येत नाही. मुलगा म्हणतो, फोटो काढा आणि रद्दीत द्या. सगळं ठेवायला नव्या घरात जागा नाही हेही खरं. काय ठेवावं, काय टाकावं, हे ठरवायचं कसं?
– एक वाचक, गुडीहत्नूर

उत्तर : आधी रद्दीवाल्याला परत पाठवा आणि बस्त्यांच्या गाठी तशाच राहू द्या. अशा वेळी घरात उत्साही माणूस असतोच. तो उर्दूचा एक ढीग करतो, मोडीचा दुसरा, तेलुगूचा तिसरा. दिसायला नीटनेटकं, पण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. आजोबांनी एका बस्त्यात जे बांधलं ते बहुधा एका गावाचं, एका सालचं किंवा एका तंट्याचं असणार. उर्दूतला अर्ज, त्यावरचा मोडी शेरा आणि सोबतची मराठी पावती असे तीन कागद मिळून एक हकीकत होते. ते वेगळे झाले की कशाचा कशाशी संबंध होता हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून बस्त्यांना क्रमांक द्या, कुठल्या बस्त्यात साधारण काय आहे ते एका वहीत उतरवा, आणि मग निवडीला बसा.

आता थोडी अडचणीची गोष्ट. पेटीतले सगळे कागद तुमच्या मालकीचे नाहीत. पटेल-पटवाऱ्यांची वंशपरंपरागत पद्धत एन. टी. रामाराव यांच्या सरकारने जानेवारी १९८४मध्ये बंद केली. तोवर गावाचं दप्तर पटवाऱ्याच्या घरातच असायचं. घर हेच कार्यालय. पद गेल्यावर ते दप्तर सरकारजमा व्हायला हवं होतं. सगळीकडे सगळं झालं नाही, हे तुमच्या माळ्यानेच सिद्ध केलंय. तेव्हा सेतवार, पहाणी, फैसल पट्टी, वसूल-बाकी, संरक्षित कुळांची यादी अशा गावच्या जमाबंदीच्या वह्या निघाल्या, तर त्या ठेवायच्या की टाकायच्या हा निर्णय तुमचा नाहीच. त्या तहसील कार्यालयाच्या. घाबरण्याचं कारण नाही. कशा सोपवायच्या ते पुढे सांगतो.

त्यातही एका वहीकडे विशेष लक्ष द्या : १९५४-५५ची खासरा पहाणी. पूर्वीच्या हैदराबाद राज्यात, म्हणजे आजच्या तेलंगणात आणि मराठवाड्यातही, जमिनीचा वाद मागे मागे नेला की बहुतेक वेळा याच नोंदीपाशी येऊन थांबतो. त्या वर्षी कुठला सर्व्हे नंबर कोणाच्या नावावर होता, प्रत्यक्ष कसत कोण होतं, कुळाचा हक्क काय होता, हे त्यात आहे. २०२०च्या ऑक्टोबरात तेलंगणाने ‘धरणी’ पोर्टल आणलं, २०२५च्या एप्रिलात त्याच्या जागी ‘भू भारती’ आली. संगणकावर नाव चुकलं, क्षेत्र कमी लागलं, नंबरच गायब झाला, अशा तक्रारी घेऊन माणसं निघाली तेव्हा त्यांना शोधायला लागल्या त्या याच जुन्या वह्या. पडदा नवा, पण पुरावा मात्र पिवळ्या कागदावरचाच!

तुमच्या भागाला आणखी एक कारण आहे. कागदपत्रांच्या दृष्टीने आदिलाबादइतका फिरवाफिरवीचा जिल्हा क्वचित सापडेल. १९०५ साली जिल्हा झाला, ठाणं आसिफाबादला. १९४१मध्ये ठाणं आदिलाबादला आलं. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेलं, तर नांदेडकडचं मुधोळ, भैंसा, कुबीर इकडे आलं. राजुरा आधी नांदेडला जोडला, १९५९मध्ये चांद्याला. २०१४मध्ये राज्य बदललं आणि ११ ऑक्टोबर २०१६ला जिल्ह्याचे चार झाले. दर वेळी सरहद्दीबरोबर दप्तरंही हलली, गाड्यांत चढली, गोदामांत उतरली. अशा हलवाहलवीत कुठली वही कुठे राहिली, याचा माग काढणं कठीण. म्हणून ‘सरकारकडे असेलच की’ हा आधार तुमच्या भागात धरू नका. तुमच्या पेटीतली प्रत हीच उरलेली एकमेव प्रत असू शकते.

इथेच निवडीची खरी कसोटी येते. कागद जुना किती, अक्षर सुंदर किती, मोहोर केवढी, यावरून ठरवू नका. विचारायचं एवढंच : यात लिहिलेलं आणखी कुठे लिहिलेलं आहे का? आणि यात अशा माणसांची नावं आहेत का, ज्यांची नावं इतरत्र कुणी लिहूनच ठेवली नाहीत? निजामाच्या शिक्क्याचं छापील फर्मान चौकट करून भिंतीवर लावतात, पण त्याच्या प्रती हैदराबादेत असतात. गावातल्या चाळीस कुळांनी त्या साली किती सारा भरला, कुणाचा बैल मेला म्हणून सूट मागितली, ही मळकी यादी मात्र जगात एकदाच लिहिली गेली. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. फर्मान वाचतं आणि यादीत भजी बांधली जातात.

मोठ्या निवडणाऱ्यांनाही हे कोडं सुटलेलं नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात काही कोटी कागद आहेत, बहुतेक मोडीत, रुमालांत बांधलेले. गो. स. सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चाळून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. अचाट काम. पण निवड त्यांच्या काळाची होती : मोहिमा, तह, दरबार, घराण्यांच्या भानगडी. पुढे हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी हे जपानी अभ्यासक महाराष्ट्राच्या इतिहासाकडे वळले. त्यांना हवे होते गाव, बलुतं, जात, वेठ, वतन. सरदेसायांनी छापायला घेतलं नव्हतं असं पुष्कळसं त्यांच्या कामाचं निघालं. हे शक्य झालं, कारण सरदेसायांनी निवडलं ते छापण्यासाठी. न निवडलेलं जाळलं नाही, ते रुमालात परत गेलं. तुमच्या मुलाच्या योजनेत परत जायला रुमालच नाही.

अभिलेखांच्या शास्त्रात यावर जुना वाद आहे. हिलरी जेंकिन्सन या इंग्रज अभिलेखपालाने १९२२मध्ये बजावलं की कागद सांभाळणाऱ्याने निवडीत हातच घालू नये; आपल्या आवडीनिवडी इतिहासावर लादल्या जातात. अमेरिकेचे थिओडोर शेलेनबर्ग १९५६मध्ये, म्हणजे तुमचा जिल्हा कापला जात होता त्याच वर्षी, म्हणाले की डोंगराएवढा सरकारी कागद ठेवणं अशक्य आहे, निवडावंच लागेल. ज्या कामासाठी कागद झाला ते काम संपल्यावरही तो इतरांना काय सांगेल, ते पाहा. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार आज सरकारी कागदांपैकी जेमतेम एक ते तीन टक्के कायमचे ठेवतं. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या कार्यालयांत ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, आणि खाली उतरत ‘ड’ वर्षभरात निकाली, अशी विभागणी चालते. केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात तर सरळ रेघ मारली आहे : १८९२च्या आधीचा कागद नष्ट करायचा नाही, अगदी वापरण्यापलीकडे खराब झाला असल्याशिवाय.

पण ही टक्केवारी तुमच्या पेटीला लावू नका. कार्यालयात नव्वद कागद प्रतींचे, स्मरणपत्रांचे, ‘सोबत जोडले आहे’चे असतात. तुमच्या माळ्यावर ही छाटणी वाळवीने, पावसाने आणि सत्तर वर्षांच्या उचलठेवीने आधीच केली आहे. माझ्या मते तुमच्या पेटीतलं निम्म्याहून जास्त ठेवण्याजोगं निघेल.

मग टाकायचं काय? छापील वर्तमानपत्रं, सरकारी छापील परिपत्रकं, गॅझेटचे सुटे अंक, एकाच पत्रकाच्या जादा कोऱ्या प्रती, विजेची बिलं, बँकेच्या स्लिपा. छापील पंचांगंही, पण प्रत्येक पान उलटून मगच. जुने लोक पंचांगाच्या समासात जन्म, मृत्यू, पेरणीचा दिवस आणि उधारी लिहीत, आणि असं पंचांग छापील राहत नाही, ते हस्तलिखितात जमा. लग्नपत्रिका प्रत्येक लग्नाची एक ठेवा : तीन पिढ्यांची नावं, गावं आणि नाती एका कागदावर इतकी नेमकी दुसरीकडे मिळत नाहीत. छापील गोष्टींतही एक अपवाद. १९४०च्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ मार्लवाईला राहून गोंडांचा अभ्यास करत होते, आणि त्यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी ज्या शाळा निघाल्या, त्यांत गोंडी भाषेची वाचनपुस्तकं देवनागरी लिपीत छापली गेली. तसलं एखादं फाटकं पुस्तक पेटीत असेल तर त्याला सोन्यासारखं जपा. हायमेनडॉर्फ यांच्या दैनंदिन्या, छायाचित्रं, चित्रफिती लंडनच्या सोआस संस्थेत व्यवस्थित आहेत. त्या पुस्तकातून शिकलेल्या मुलाच्या घरची प्रत मात्र कुणी जपली नसेल.

त्याच काळातले ‘लावणी खास’चे, म्हणजे आदिवासींना दिलेल्या जमिनीच्या पट्ट्यांचे कागद असतील तर ते वेगळे काढून पहिल्या दिवशीच नोंदवा. तसंच जंगलखात्याच्या चराईच्या पावत्या, घरपट्टीच्या पावत्या, दंडाच्या नोटिसा. दंडाची नोटीस कोण जपतो, असं वाटेल. पण २००६च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासींना १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, आणि जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास. ‘अमुक साली तू इथे शेत केलंस म्हणून दंड’ असा कागद म्हणजे तो माणूस त्या साली तिथे होता याची सरकारनेच दिलेली कबुली.

वाचता येत नाही म्हणून टाकू नका, हे तुमच्या भागात तरी वेगळं सांगायला नको. इंद्रवेल्लीच्या पलीकडे नारनूर मंडलातलं गुंजाला गाव आठवा. तिथल्या घरांत गोंडी लिपीतली हस्तलिखितं पिढ्यान्‌पिढ्या राहिली; वाचणारे चार-दोन वृद्ध उरले होते. हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमल राव आणि सहकाऱ्यांनी ती अभ्यासाला घेतली, आणि २०१८मध्ये ‘गुंजाला गोंडी’ लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांत, दाखल झाली. ज्यांनी ती जपली त्यांच्यापैकी कितीतरी जणांना त्यातलं अक्षरही लागत नव्हतं. त्या मानाने मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं नांदेडला, पुण्याला, हैदराबादला आजही भेटतात. तुमच्या हयातीत नाही वाचून झालं, तर नातवाच्या हयातीत होईल.

एक सावधगिरी. पेटीत सावकारी रोखे असतील, कुणाच्या घरातल्या भांडणाचे जबाब असतील, कुणाच्या जन्माबद्दल कुजबुज असेल. असे कागद जाळू नका, पण फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही टाकू नका. ती माणसं गेली तरी त्यांची नातवंडं त्याच गल्लीत राहतात. वेगळ्या पाकिटात घालून वर ‘पन्नास वर्षं उघडू नये’ असं लिहा.

प्रश्न : मी किनवट तालुक्यात मुख्याध्यापक आहे. शाळेत १९३०च्या दशकापासूनची दाखल-खारीज रजिस्टरं आहेत. जुन्या हजेऱ्या, भांडार-नोंदी, शेरेबुकं यांनी कपाटं भरली आहेत. कशाला प्राधान्य द्यावं?

उत्तर : दाखल-खारीज रजिस्टर आधी, आणि बाकी सगळं त्यानंतर. याचं उत्तर गेल्या काही वर्षांत मराठवाड्याने दिलंच आहे. सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. अधिकारी हैदराबादपर्यंत गेले. पण नोंदी कशात शोधल्या? शाळांच्या प्रवेश रजिस्टरांत, कोतवाल बुकांत, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत, खासरा पत्रकांत. ज्यांना कुणी कधी ‘ऐतिहासिक’ म्हटलं नव्हतं अशा वह्या, आणि त्यातल्या बऱ्याच मोडीत किंवा उर्दूत. मोडी वाचकांना अचानक मागणी आली. पुढे २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला कुणबी दाखल्यांच्या प्रक्रियेत स्थान दिलं. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. एवढंच पाहा की १९३५ साली ज्या मास्तरने मुलाच्या नावापुढच्या रकान्यात दोन अक्षरं लिहिली, त्याला त्यांचं पुढे काय होणार याची कल्पना नव्हती. कुठला रकाना उद्या विचारला जाईल हे तुम्हालाही माहीत नाही. म्हणून रजिस्टर पूर्ण ठेवा, सलग ठेवा. मधलं एक साल हरवलं तर त्या सालच्या मुलांचा पुरावाच गेला.

शेरेबुकं ठेवा, तपासनीस येऊन काय म्हणाला यात शाळेचा खरा इतिहास असतो, आणि बहुतेक वेळा विनोदही. हजेऱ्या सगळ्या ठेवणं अवघड. दर दहा वर्षांतली एक नमुन्याला ठेवा आणि बाकीच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी घेऊन नियमाप्रमाणे काढा. भांडार-नोंदींत खडू-फळ्यांपलीकडे काही नसेल तर त्यांच्यासाठी जीव टाकू नका.

प्रश्न : कागद लॅमिनेट करून घेतले तर टिकतील ना? आणि चांगले फोटो असले तर मूळ कागद हवाच कशाला?

उत्तर : लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि आत कागद बिघडत राहिला तर उपचारही करता येत नाही. चिकटपट्टीही नको, काही वर्षांत पिवळी पडून शाईसकट कागद खाते. टाचण्या आणि स्टेपल काढा, गंजाने भोकं पडतात. स्वच्छ सुती कापडाचा रुमाल, त्यात पाठीला पुठ्ठा, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर कोरडी जागा, पावसाळ्यानंतर एकदा सावलीत हवा देणं. आपल्या दप्तरदारांची जुनी पद्धत पुरेशी आहे. उन्हात वाळत मात्र घालू नका.

फोटो जरूर काढा, पण मूळ ठेवून. कारण भावनिक नाही, कायद्याचं आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ९०मध्ये, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमातही, अशी तरतूद आहे की तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरं आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ‘योग्य ताबा’ म्हणजे तो कागद जिथे असायला हवा तिथूनच आला. पटवाऱ्याच्या घरातून निघालेली पहाणी योग्य ताब्यातली ठरते. रद्दीच्या दुकानातून निघालेल्या त्याच पहाणीवर दहा प्रश्न उठतात. मोबाइलमधल्या फोटोची तर गोष्टच वेगळी. फोटोंना नाव देताना बस्ता क्रमांक, पान आणि साल लिहा. निजामकाळातलं साल फसली असेल तर ते तसंच ठेवून शेजारी इसवी सन लिहा. फसली १३५० म्हणजे साधारण ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१.

प्रश्न : (पुन्हा गुडीहत्नूरचेच वाचक) सोपवायचं ठरवलं तर कोणाला?

उत्तर : गावच्या जमाबंदीच्या वह्या तहसीलदारांना, लेखी अर्जासोबत. यादी दोन प्रतींत करा. वहीचं नाव, गाव, साल, पानं. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या. शंका वाटली तर अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि एक हैदराबादच्या तारनाक्यातल्या तेलंगणा राज्य अभिलेखागाराला टपालाने पाठवा. त्या अभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले सुमारे दीड लाख मुघल कागद आहेत. तुमच्या वह्या पाहून तिथल्या लोकांना हसू येईल ही भीती सोडा.

धार्मिक पोथ्या, वैद्यकाच्या वह्या, ओव्या-अभंगांचे हस्तलिखित संग्रह निघाले तर त्यांची वाट वेगळी. २००३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या व्याख्येत ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं येतात, पण महसुली कागद आणि फर्मानं येत नाहीत. तेव्हा पोथी तिकडे चालेल, पहाणी चालणार नाही. खासगी कागद, म्हणजे पत्रं, हिशोब, वंशावळी, घरच्या वाटण्या, ते घरातच ठेवायला माझी हरकत नाही. घरातला एक कोरडा कप्पा त्यांना द्या, आणि कुठला बस्ता कुठे आहे हे तुमच्याशिवाय आणखी एकाला तरी माहीत असू द्या.

काहीही द्या, कोणालाही द्या, पण सही-शिक्क्याची पोहोच हातात आल्याशिवाय एकही पान सोडू नका. आणि ती पोहोच त्याच पेटीत ठेवा.